गढी बांधायला दिवस किती

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ सालच्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये बांधकामाचं एक छोटं कोष्टक आहे. व्यापारी ठाणं उभारायचं तर ५,००० सुवर्णमुद्रा आणि ६० दिवस. तटबंद बुरूज १५,००० मुद्रा, १०० दिवस. छोटा किल्ला ५०,००० मुद्रा, ४०० दिवस. मोठा किल्ला किंवा राजवाडा हवा असेल तर ५ लाख मुद्रा आणि १,२०० दिवस. आकडे वाचताना हात शिवशिवतात. पण याच आवृत्तीसाठी २०१७ साली आलेली 'टूम ऑफ अ‍ॅनायहिलेशन' ही मोहीम घ्या. तिथे एक शाप पसरला आहे. पूर्वी कधी मरून मंत्राने परत आलेली माणसं दिवसागणिक झिजत चालली आहेत आणि शापाचं मूळ शोधायला खेळाडू घनदाट जंगलात उतरले आहेत. अशा मोहिमेत चारशे दिवस गवंडीकामावर देखरेख करायला कोण थांबणार? एकाच आवृत्तीतल्या या दोन पुस्तकांचं एकमेकांशी जमत नाही, आणि खेळाडूंच्या मालकीच्या गढीचा सगळा प्रश्न या न जमण्यातच आहे.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग सांभाळतो. बाकीचे एकेक पात्र सांभाळतात. काय करायचं ते बोलून ठरतं, जमलं की नाही ते फासे सांगतात. आठवड्या-पंधरवड्याने बसत अशी मोहीम वर्ष-दोन वर्षं चालते आणि तेवढ्यात नवखी पात्रं नावाजलेले योद्धे, जादूगार, पुजारी, चोर होतात. मग कधीतरी कुणीतरी म्हणतं, आता आपली स्वतःची जागा हवी. हा क्षण जवळपास प्रत्येक लांब मोहिमेत येतो. त्या वेळी डीएमच्या हातात काय असावं, यावर गेली पन्नास वर्षं लोक नियम लिहीत आले आहेत. ते सगळे शेजारी शेजारी ठेवून वाचले तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या खेळांनी आधी कालगणना पक्की केली त्यांच्या गढ्या टेबलावर उभ्या राहिल्या. ज्यांनी आधी दरपत्रक छापलं त्यांच्या गढ्या बहुतेक वेळा कागदावरच राहिल्या.

सुरुवातीला मात्र दरपत्रक आणि कालगणना दोन्ही एकत्र होती. गॅरी गायगॅक्स यांनी जेफ पेरन यांच्याबरोबर १९७१ साली 'चेनमेल' हा मध्ययुगीन लढायांचा खेळ काढला होता. त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसन 'ब्लॅकमूर' नावाची मोहीम चालवत होते. ब्लॅकमूर म्हणजे एक किल्ला, त्याच्या पायथ्याचं गाव, भोवतालचा मुलूख आणि किल्ल्याखालची भुयारं. किल्ला राखणं हे खेळाडूंचं काम होतं. ते भुयारांत रमले, किल्ल्याकडे दुर्लक्ष झालं, तो शत्रूने घेतला आणि त्यांना मुलूख सोडून जावं लागलं. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या १९७४ सालच्या तीन पुस्तिकांपैकी तिसरीत किल्ल्याच्या भागांची चित्रं आणि किमती आहेत, कारागिरांचे आणि शिपायांचे पगार आहेत, दर माणशी वर्षाला दहा मुद्रा कर आहे आणि चिडलेल्या गावकऱ्यांसाठी स्वतंत्र नियमही आहे. म्हणजे गढी या खेळाला मागाहून जोडलेली नाही. ती जन्मापासून त्याच्या पोटात आहे.

त्या काळचा हिशेब किती नेटका बसायचा ते १९८१ च्या 'एक्स्पर्ट सेट'वरून बघता येतं. साठ फूट चौरस, ऐंशी फूट उंच बालेकिल्ला ७५,००० मुद्रा. तीस फुटी गोल बुरूज १५,००० चा एक, असे दोन घ्या. शंभर फूट लांब आणि वीस फूट उंच तट ५,०००, असे चार. वर ६,५०० चा दरवाजा. एकूण १,३१,५०० मुद्रा. नियम असा की ५०० मुद्रांचं काम एका दिवसात होतं, म्हणजे २६३ दिवस. दर लाख मुद्रांमागे एक स्थपती, महिना ७५० मुद्रा पगाराचा. इथे दोन लागतील. हा पैसा कुठून यायचा? लुटीतून. त्या नियमांत भुयारातून सुखरूप आणलेली एक मुद्रा म्हणजे एक अनुभवगुण; गुण साठले की पात्राची लेव्हल, म्हणजे पातळी, वाढे. योद्ध्याला नवव्या लेव्हलला पोचायला २,४०,००० गुण लागत आणि त्यांतला मोठा भाग सोन्याचाच असे. योद्धा तिथे पोचायचा तेव्हा किल्ल्याएवढं सोनं हातातून गेलेलं असायचं. बक्षिसाचे नियम आणि गढीची किंमत एकाच गणितातून निघाली होती.

दिवसांचाही बंदोबस्त होता. १९७९ च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीच्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी काळाचा चोख हिशेब ठेवण्यावर फार जोर दिला आहे. ज्या दिवशी खेळ नाही, त्या दिवशी बाहेरचा एक दिवस म्हणजे आतला एक दिवस धरावा, असं त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या टेबलांवर पुष्कळ खेळाडू येऊन-जाऊन असत, एकेकाची अनेक पात्रं असत. एक पात्र किल्ल्याच्या कामावर गुंतलं की खेळाडू दुसरं घेऊन भुयारात उतरे. २६३ दिवस कुणालाच जड जात नसत, कारण ते आपोआप सरत होते. हे ध्यानात घेतलं नाही तर जुने नियम निव्वळ हिशेबखोर वाटतात. ते तसे नव्हते. त्यांच्याखाली चालू घड्याळ होतं.

मग ते घड्याळ थांबलं. १९८४ पासून आलेल्या 'ड्रॅगनलान्स'सारख्या मोहिमांनी सलग, कादंबरीसारखी कथा टेबलावर आणली. प्रत्येकाचं एक पात्र, सगळे कायम बरोबर, आणि जग वाचवायची घाई. त्या कथांनी पुष्कळ चांगलं दिलं, पण दोन प्रसंगांमधला रिकामा काळ त्यांनी खाऊन टाकला. गढी त्या रिकाम्या काळात राहत होती.

जुन्या नियमांत एक दोष पहिल्यापासून होता, आणि तो झाकून चालणार नाही. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये योद्ध्याचा मुलूख वेगळा, पुजाऱ्याचं देवस्थान वेगळं, जादूगाराचा बुरूज वेगळा, चोराचा अड्डा शहराजवळ. करही वेगळा: दर माणशी महिन्याला पुजाऱ्याला नऊ रौप्यमुद्रा, योद्ध्याला सात, जादूगाराला पाच. वाचायला फार गोड, पण बरोबर वाढलेले चार सोबती नवव्या लेव्हलपासून पुढे चार दिशांना पांगणार. योद्ध्याने आपला मुलूख साफ करायचा तो वीस ते पन्नास मैल त्रिज्येचा. चार जणांचे चार मुलूख एका नकाशावर मांडले तर भेटीगाठींचाच प्रवास होऊन बसतो. फ्रँक मेंट्झर यांच्या १९८४ च्या 'कम्पॅनियन सेट'ने मुलखाचं मासिक गणित आणलं. कुटुंबं किती, कर किती, प्रजेचा विश्वास किती हे सगळं आकड्यांत. विश्वासाला आकडा देणं ही फार चांगली कल्पना होती. पण राज्यकर्ता पुन्हा एकटाच, आणि तो वही घेऊन बसला की बाकीचे चहाला उठत.

पैशाचं गणित तिसऱ्या आवृत्तीत मोडलं, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. २००० सालच्या या आवृत्तीत अनुभव मिळायचा तो मुख्यतः शत्रूंवर आणि संकटांवर मात करून. सोनं खर्च व्हायचं ते जादूच्या तलवारी-चिलखतांवर. कुठल्या लेव्हलच्या पात्राकडे एकूण किती संपत्ती असावी याचं कोष्टकच होतं. नवव्या लेव्हलला ३६,००० मुद्रा, दहाव्याला ४९,०००. आणि त्याच नियमांत साधा बुरूज ५०,०००, बालेकिल्ला दीड लाख, किल्ला ५ लाख. म्हणजे अंगावरची तलवार, ढाल, अंगठी सगळं विकूनही दहाव्या लेव्हलच्या योद्ध्याला एक बुरूज परवडत नाही, आणि विकलं तर पुढच्या लढाईत तो मरतो. २००२ साली मॅट फोरबेक आणि डेव्हिड नूनन यांचं 'स्ट्राँगहोल्ड बिल्डर्स गाइडबुक' आलं. आतापर्यंतचं सर्वांत कसून केलेलं बांधकामाचं पुस्तक म्हणून मी त्याच्याकडे बघतो. वीस फूट लांब, वीस रुंद, दहा उंच अशा एका खणाचं माप धरून त्याने स्वयंपाकघरापासून जादूच्या प्रयोगशाळेपर्यंत सगळ्याच्या किमती लावल्या. भिंती कशाच्या, दारं कशाची, गढी जमिनीवर की हवेत तरंगणारी, सारं काही आहे. पैसे नव्हते, म्हणून गढीपुरता वेगळा निधी मिळवून देणारं एक खास कौशल्यही त्यात दिलं. ते वाचताना लेखकांना अडचण कळली होती हे स्पष्ट दिसतं. पण पुस्तक बांधून संपल्यावर थांबतं. गढी उभी राहिल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तिथे काय होतं, याला त्यात फारशी जागा नाही.

दरम्यान दुसरीकडे वेगळंच काही चाललं होतं, आणि माझ्या मते या विषयातलं सर्वांत मोलाचं काम तिथे झालं.

जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हेगन यांचा 'आर्स मॅजिका' १९८७ साली आला. तेराव्या शतकातला युरोप, त्यात लपूनछपून राहणारे जादूगार, आणि त्यांची सामाईक वस्ती, जिला खेळात 'कव्हनंट' म्हणतात. खेळ वस्तीपासूनच सुरू होतो. नववी लेव्हल गाठायची वाट बघावी लागत नाही. सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की वर्षाचे चार ऋतू आणि प्रत्येक ऋतूत जादूगार एकच मोठं काम करू शकतो. ग्रंथालयातला एखादा ग्रंथ वाचावा, नवा मंत्र रचावा, प्रयोगशाळेत वस्तू घडवावी, शिष्याला शिकवावं, किंवा स्वतः ग्रंथ लिहावा. आता समजा वसंतात खालच्या गावातला पाद्री तक्रार घेऊन आला आणि ती निस्तरण्यात महिना-दीड महिना गेला. तेवढा तुमच्या मंत्राचा काळ गेला. एका मोहिमेची किंमत तुम्ही अभ्यासाने मोजता आणि अभ्यासाची किंमत बाहेर घडणाऱ्या गोष्टींनी. ग्रंथालयात कुठला ग्रंथ आहे यावर पुढची पाच वर्षं ठरतात, त्यामुळे ग्रंथ मिळवायला लांबचा प्रवास करणं खेळाडूंना आपणहून सुचतं. डीएमला कथा ढकलावी लागत नाही.

शिवाय प्रत्येक खेळाडूकडे जादूगाराखेरीज एक सोबती असतो, आणि वस्तीचे पहारेकरी, स्वयंपाकी, हरकामे सगळ्यांचे मिळून असतात. आज जादूगार प्रयोगशाळेत आहे तर त्याचा खेळाडू पहारेकरी होऊन बाहेर जातो. गायगॅक्स यांच्या टेबलावर अनेक पात्रांमुळे जे आपोआप साधत होतं, ते इथे रचनेतच बसवलं. वस्तीचीही वयं आहेत: वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत. कोवळी वसंतातली वस्ती गरीब आणि धडपडी. हेमंतातली श्रीमंत ग्रंथालयाची पण आतून विरत चाललेली. मोहीम कुठल्या वयाच्या वस्तीत सुरू करायची हे पहिल्याच बैठकीत ठरतं आणि त्या एका निवडीने खेळाचा सूर लागतो.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' त्याच्याही दोन वर्षं आधीचा, १९८५ चा. आर्थर राजाचे सरदार, सहसा वर्षाला एक साहस, आणि मग हिवाळा. हिवाळ्याच्या टप्प्यात फासे टाकून कळतं की पीक कसं आलं, घोडा जगला की नाही, मूल झालं की गेलं, वाढत्या वयाने शरीर किती उतरलं. सरदाराची जहागीर छोटी, एका गावाची. तिच्यात दगडी बुरूज बांधणं ही आयुष्यभराची हौस. स्टॅफर्ड यांची 'ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन' इ.स. ४८५ ते ५६६ असा काळ धरते, म्हणजे तुमचं पहिलं पात्र म्हातारं होऊन मरतं आणि तुम्ही त्याच्या मुलाचं, मग नातवाचं पात्र चालवता. आजोबाने लावलेली बाग नातू खातो. एवढ्या साध्या यंत्रणेतून जहागिरीबद्दल जी माया खेळाडूला वाटते, ती मी इतर कुठल्याच नियमांतून उगवलेली पाहिलेली नाही. त्यात खोल्यांची यादी नाही, जादूचे फायदे नाहीत. वर्षं जातात, इतकंच.

राज्याच्या पातळीवरचे प्रयत्न मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे गढी मागे पडते. १९९५ चा 'बर्थराइट' खेळाडूंना थेट राजे, धर्मगुरू, व्यापारी संघांचे प्रमुख करतो. तीन महिन्यांचा एक डाव. २०१० ची 'किंगमेकर' ही 'पाथफाइंडर' या खेळाची मोहीम ओसाड मुलूख षट्कोनी नकाशावर धुंडाळून तिथे राज्य वसवायला लावते; दर महिन्याला एक डाव, आणि सेनापती, खजिनदार, हेरप्रमुख अशी पदं खेळाडूंनी वाटून घ्यायची. ही वाटणी उत्तम, कारण प्रत्येकाला बोलायला विषय मिळतो. पण अर्थव्यवस्था, निष्ठा, स्थैर्य यांचे आकडे वाढत गेले की हळूहळू सगळा हिशेब एका उत्साही माणसाच्या स्प्रेडशीटमध्ये जातो. ग्रेग स्टोल्झ यांच्या २००७ च्या 'रेन'ने कुठल्याही संघटनेला, मग ती चोरांची टोळी असो की साम्राज्य, केवळ पाच गुणांत बसवलं. आकडे कमी ठेवण्याचा तो धडा नंतरच्या फार थोड्यांनी घेतला.

नव्या पिढीने महिना-ऋतूऐवजी बैठकच काळाचं माप धरली. 'म्युटंट: इयर झिरो'मध्ये वस्तीसाठी पुढचा प्रकल्प कुठला हे सगळे मिळून बैठकीगणिक ठरवतात. जॉन हार्पर यांच्या २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये गुन्हेगारांची टोळी, तिचा अड्डा आणि शेजारच्या गल्ल्यांचा एक चौकटींचा नकाशा. एक काम फत्ते झालं की ठरावीक उसंत, त्यात प्रत्येकाला दोन गोष्टी करता येतात. दुसऱ्या टोळीची जागा घेतली की ती नकाशावर तुमची, आणि त्याबरोबर त्या टोळीचं वैरही. इथे काळाचा हिशेब ठेवायला कुणी लागत नाही, कारण खेळाचा ताल तोच आहे. स्वीडनच्या फ्री लीगचा २०१८ चा 'फॉरबिडन लँड्स' जुन्या वळणावर परत येतो. दिवसाचे चार प्रहर, लाकूड-दगड-लोखंड वेचून आणायचं, विहीर, शेत, गिरणी, लोहारशाळा, लाकडी कूस असं एकेक उभं करायचं, आणि प्रत्येकाला माणसं नेमायची. एखादं भग्न ठाणं साफ करून तेच आपलं करणं हा त्यातला स्वाभाविक मार्ग आहे. कोऱ्या जमिनीपेक्षा पडकी जागा घेणं खेळाला नेहमी अधिक देतं. तिला आधीचा मालक असतो, आणि बहुधा त्याचा वारसही.

मुख्य प्रवाहात ही भूक किती होती ते २०१८ मध्ये कळलं. मॅट कोलव्हिल यांनी 'स्ट्राँगहोल्ड्स अँड फॉलोअर्स' या पुस्तकासाठी किकस्टार्टरवर ५०,००० डॉलर मागितले आणि २१ लाखांहून अधिक जमले. त्यांची मांडणी सुटसुटीत आहे. बालेकिल्ला सैन्य देतो, बुरूज मंत्रसंशोधन, देवालय दैवी साहाय्य, आणि पेढी किंवा गुत्त्यासारखा धंदा बातम्या आणि उत्पन्न. पात्राने आपल्या गढीत सात दिवस विसावा घेतला की त्याच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे तो योद्धा की जादूगार यानुसार, एक खास शक्ती ताजी होते. या सात दिवसांत मला फार शहाणपण दिसतं. शक्ती हवी म्हणून खेळाडू घरी परततात, घरी परतले की घरचे प्रश्न समोर येतात.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०२४ च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मधले 'बॅस्टियन'चे नियम हे आजचं अधिकृत उत्तर. पाचव्या लेव्हलला प्रत्येक पात्राला एक बॅस्टियन मिळतो. दोन साध्या खोल्या आणि दोन विशेष दालनं. विशेष दालनं लेव्हलबरोबर वाढत सतराव्याला सहा होतात आणि ती पैशाने विकत मिळतच नाहीत. दर सात दिवसांनी बॅस्टियनचा डाव. प्रत्येक दालनाला हुकूम द्यायचा: घडवा, पिकवा, व्यापार करा, माणसं भरा, शोध घ्या. ग्रंथालयाला शोधाचा हुकूम दिला की आठवड्याने एखाद्या विषयावर तीनपर्यंत खात्रीच्या गोष्टी हाती येतात. शिपायांच्या बराकीतून एका हुकमात चारपर्यंत रक्षक. सोबती आपापले बॅस्टियन जोडून एकच वास्तू करू शकतात, म्हणजे १९७८ ची फाटाफूट इथे मिटली. नऊ महिन्यांच्या बांधकामाच्या जागी सात दिवसांचा डाव आला, घाईच्या मोहिमेतही तो मावतो, आणि तिसऱ्या आवृत्तीचा तलवार की तट हा पेच उरला नाही. हे सगळं मी मनापासून मान्य करतो. नवख्या टेबलाला आज मी हेच नियम देईन.

पण हल्ल्याचा नियम बघा. मालक बाहेर असताना घटनांच्या कोष्टकावर हल्ला निघाला की सहा फासे टाकायचे. जितके एक्के पडतील तितके रक्षक मेले. सहा फाशांत सरासरीने एक. शस्त्रागार भरलेलं असेल तर सहा बाजूंच्या जागी आठ बाजूंचे फासे, म्हणजे त्याहून कमी. रक्षकच उरले नाहीत तर एक दालन पुढच्या डावापुरतं बंद. कोण चालून आलं, का आलं, त्याला काय हवं होतं, यातलं काहीच फासे विचारत नाहीत, आणि खेळाडूलाही काही ठरवावं लागत नाही. या सौम्यपणामागचं कारण मला कळतं. कष्टाने रंगवलेली जागा डीएमने एका संध्याकाळी जाळून टाकली तर तो खेळाडू पुन्हा कधी घर मागत नाही. त्याची पात्रं अनाथ, बेघर, कुणाशी न बांधलेली होत जातात. ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणून धोकाच काढून घेतला, तर गढी नुसती सामान ठेवायची जागा उरते. ब्लॅकमूर गेलं तेव्हा त्या खेळाडूंना नवा मुलूख आणि परत येण्याचं कारण मिळालं होतं.

मधला मार्ग आहे, आणि तो अवघड नाही. गढी खेळाडूंच्या निर्णयाशिवाय पूर्ण जाऊ नये, पण तिच्यातलं काहीतरी नेहमी पणाला असावं. शत्रू आला तर तो आधी मागणी घेऊन यावा: धान्य द्या, कैदी सोडा, घाट मोकळा करा. नाही म्हटलं तर काय जळेल हे आधी ठाऊक असावं. मग जे जातं ते खेळाडूंनी दिलेलं असतं.

माणसांचा मुद्दा राहिला, आणि इथे आपल्याकडचा एक दस्तऐवज या खेळांच्या लेखकांपेक्षा पुढे आहे असं मला वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गड कसा बांधावा हे आहेच. पण आधी पाणी बघा, पाणी नसेल आणि जागा घेणं भागच असेल तर खडक फोडून टाकी खोदा, एका झऱ्यावर विसंबू नका, असं व्यवहाराचं सांगणं आहे. जवळ दुसरा डोंगर असेल तर तो शत्रूच्या हाती पडू न देण्याचा विचार आहे. उपयोगी झाडं लावून राखण्याचा आहे. आणि हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस या नेमणुका आहेत. शिवकाळापासून चालत आलेल्या या व्यवस्थेत चाव्या, शिबंदी, हिशेब, कोठार यांचे अधिकार वेगवेगळ्या हातांत, म्हणजे एकटा कुणी फितूर झाला तरी गड जाऊ नये. खेळाच्या नियमांत या माणसांना बहुधा 'हस्तक, तीन' असा आकडा असतो. बॅस्टियनच्या प्रत्येक विशेष दालनाला एक किंवा अधिक हस्तक फुकट मिळतात, निष्ठावंत असतात, आणि बहुतेक टेबलांवर त्यांना नावही मिळत नाही. ज्या डीएमला गढी जिवंत करायची आहे त्याने अशी तीनच माणसं घ्यावीत, ज्यांचे अधिकार एकमेकांवर घासतात. सबनीस म्हणतो कोठारात चाळीस पोती कमी आहेत. कारखानीस म्हणतो मोजणी चुकली. हवालदार दोघांच्याही पत्रांवर गप्प आहे. पुढची बैठक तयार झाली, आणि त्यासाठी एकही राक्षस लागला नाही.

नकाशा काढण्याच्या सुखाबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही: चढावरच्या पायऱ्या, कोपऱ्यातलं तळं, मावळे कुठे उभे करायचे यात दिवस जातो आणि तो दिवस हाच खेळ असतो. चौकटीच्या कागदावर गढीचा आराखडा काढणारा खेळाडू खेळाची तयारी करत नसतो, खेळत असतो. २०२४ च्या नियमांनी खोल्यांची मापं चार, सोळा आणि छत्तीस चौकोनांची ठेवली आणि मांडणी खेळाडूवर सोडली, हे योग्यच केलं. डीएमने तो कागद जपून ठेवावा आणि चोर शिरला तर त्याच कागदावरून शिरवावा. खेळाडूने काढलेली मागची खिडकी कधीतरी उपयोगी पडली पाहिजे.

अर्धवट बांधकामालाही खेळात जागा हवी. एडवर्ड पहिल्याने वेल्समध्ये १२९५ साली सुरू केलेला बोमॅरिसचा किल्ला पैशाअभावी पुरा झालाच नाही. बर्गंडीत गेडेलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला उभा राहतो आहे आणि लोक ते काम बघायला येतात. जुन्या दरपत्रकांत मात्र किल्ला २६३ व्या दिवशी एकदम अस्तित्वात येतो. त्याचे टप्पे पाडले तर चारशे दिवसांचं कोष्टकही खेळण्याजोगं होतं: कूस झाली की लांडगे थांबतात, विहीर लागली की वेढा सोसता येतो, दरवाजा बसला की जकात घेता येते, देवडी झाली की गावकरी तक्रारी घेऊन येऊ लागतात.

मी स्वतः आज गढी मांडली तर अशी मांडेन. नदीच्या उतारावरचा पडका बुरूज, सगळ्यांच्या सामाईक मालकीचा, तिसऱ्या-चौथ्या लेव्हललाच हाती येणारा. एक डाव म्हणजे एक महिना, आणि दोन साहसांच्या मध्ये निदान एक महिना जाणारच असं पहिल्या बैठकीत ठरलेलं. प्रत्येक डावाला पात्रामागे एक काम, बैठकीच्या सुरुवातीची दहा मिनिटं, त्याहून अधिक नाही. आकडे तीनच: कोठार, शिबंदी, आणि उतारावरच्या दोन गावांचा विश्वास. नावाची तीन माणसं. बुरुजावर हक्क सांगणारं एक जुनं घराणं, ज्याची कागदपत्रं बऱ्यापैकी खरी आहेत. उतारावरून जाणाऱ्या गाड्यांवर जकात किती घ्यायची हे दर डावाला खेळाडू ठरवतील. जास्त घेतली तर कोठार भरेल, गावांचा विश्वास उतरेल, आणि व्यापारी वरच्या अंगाला दुसरा उतार शोधू लागतील. तो त्यांना किती महिन्यांत सापडेल हे मी कागदावर आधीच लिहून ठेवीन आणि खेळाडूंनी विचारलं तर त्यांच्या सबनिसाकरवी प्रामाणिकपणे सांगेन.